एसी बसवा, पण पंखे काढू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

एसीचे तापमान २० अंशांच्या खाली आणि २८ च्या वर नेताच येणार नाही अशी व्यवस्था करण्याचा मनोदय केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी जून २०२५ मध्ये जाहीर केला. तेव्हापासून या विषयावर दोनच सूर ऐकू येतात. 'माझ्या घरात मी किती गार करायचे ते सरकार कोण सांगणार?' हा एक, आणि '२४ पुरेत, त्याहून कमी मागणाऱ्यांचे नखरे आहेत' हा दुसरा. रिमोटवरचा आकडा म्हणजेच अंगाला लागणारा गारवा, हे मात्र दोघांनीही धरूनच चालले आहे. इमारतींच्या वातानुकूलनाचे काम करणाऱ्या आम्हा मंडळींना घरातली, कचेरीतली आणि बसमधली बहुतेक भांडणे इथूनच सुरू झालेली दिसतात.

तो आकडा कुठून येतो ते आधी पाहू. स्प्लिट एसीच्या इनडोअर युनिटमध्ये, फिल्टरच्या मागे आणि कॉइलच्या (हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या) पुढे, मण्याएवढा एक थर्मिस्टर असतो. खोलीतली जी हवा परत एसीत शिरते तिचे तापमान तो मोजतो, आणि तेही जमिनीपासून सात-आठ फुटांवर. तुम्ही पलंगावर दोन फुटांवर झोपलेले असता. फिल्टर धुळीने भरला असेल, किंवा युनिट छताला इतके चिकटून बसवले असेल की बाहेर पडलेली गार हवा तिथल्या तिथे वळून परत आत जाते, तर थर्मिस्टरला वाटते २४ झाले आणि कॉम्प्रेसर मंदावतो. पलंगाशी तेव्हा २७ असतात. उलट एसीच्या समोरच्या खुर्चीवर १३-१४ अंशांचा झोत थेट मानेवर येतो आणि त्या माणसाच्या लेखी खोली २० अंशांची असते. म्हणजे एकाच खोलीत, एकाच आकड्याखाली दोन वेगळी हवामाने. काही रिमोटमध्येही सेन्सर असतो. ती सोय चालू करून रिमोट उशाशी ठेवला तर एसी तुमच्याजवळचे तापमान मोजतो. हे बटण बहुतेकांनी कधी दाबलेलेच नसते.

अंगाला लागणारा गारवा ठरवणाऱ्या सहा गोष्टींपैकी हवेचे तापमान ही फक्त एक. डेन्मार्कचे अभियंते पी. ओ. फँगर यांनी १९७० मध्ये जी मांडणी केली, तिच्यावर आजही जगभरची मानके उभी आहेत. हवेचे तापमान, भिंती-छत-काचांचे तापमान, वाऱ्याचा वेग, दमटपणा, अंगावरचे कपडे आणि शरीरात तयार होणारी उष्णता या सहांचा जमाखर्च जुळला की माणूस 'बरे वाटतेय' म्हणतो. याच मांडणीतली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही: सहाही गोष्टी सरासरी माणसासाठी अगदी तंतोतंत जुळवल्या तरी शंभरातले पाच जण नाराज राहणार, हे गणितातच धरलेले आहे. सर्वांना पटेल असा आकडा शोधत बसण्यात म्हणूनच अर्थ नाही.

माणसामाणसांत फरक पडतो तो प्रामुख्याने शेवटच्या दोन गोष्टींमुळे. बसून काम करणारा प्रौढ माणूस सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतो, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. ती किती तयार होणार हे मुख्यतः स्नायूंवर आणि शरीराच्या आकारमानावर ठरते. मानकांमध्ये जो आकडा वर्षानुवर्षे वापरला गेला तो चाळिशीतल्या, ७० किलो वजनाच्या पुरुषाचा. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्तच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की तोच आकडा स्त्रियांना लावला तर त्यांच्या शरीरात तयार होणारी उष्णता ३५ टक्क्यांपर्यंत जास्त धरली जाते. त्या अभ्यासात फक्त १६ तरुणी होत्या, त्यामुळे त्यावरून थेट नियम करणे बरोबर नाही. पण दिशा बरोबर आहे. ५० किलोची सडपातळ स्त्री आणि ८५ किलोचा धिप्पाड पुरुष शेजारी शेजारी बसले तर तिच्याकडे उष्णता कमी तयार होते आणि वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असल्याने ती निसटतेही लवकर. शरीर मग हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसून घेते, मेंदू-हृदयाकडची ऊब राखते, आणि बोटे गार पडतात. 'स्वेटर घाल ना' हा सल्ला इथे अर्धाच उपयोगी पडतो, कारण टाइप करणारी बोटे स्वेटरात जात नाहीत.

कपड्यांचा वाटा मात्र लोक समजतात त्यापेक्षा बराच मोठा आहे. कपड्यांची ऊब 'क्लो' या एककात मोजतात. पँट आणि अर्ध्या बाह्यांचा शर्ट म्हणजे साधारण ०.५७, कोट-टायसह सूट म्हणजे १ च्या आसपास. बसलेल्या माणसाच्या बाबतीत ०.१ क्लो वाढले की सुमारे ०.६ अंश कमी तापमान बरे वाटते. म्हणजे सुटातल्या साहेबाला हवे ते तापमान आणि अर्ध्या बाह्यांच्या शर्टातल्या कारकुनाला हवे ते, यांत अडीच अंशांचा फरक निव्वळ कापडाचा. यात खुर्चीही मोजावी लागते. फोमची जाड, उंच पाठीची खुर्ची ०.१५ क्लो भरते, म्हणजे जवळजवळ एक अंश. जाळीच्या पाठीच्या खुर्चीत हे ओझे नसते. साहेबाची केबिन १९ वर का असते याचे निम्मे उत्तर त्याच्या कोटात आणि खुर्चीत आहे. साडीचे गणित आणखी वेगळे: कमरेखाली परकर आणि निऱ्यांचे थर, वर मात्र पाठ, पोट, दंड उघडे. झोत वरून आला की तीच उघडी जागा गारठते. फँगर यांच्या प्रयोगांत स्त्री-पुरुषांना सारखे कपडे घालून सारख्या कामाला बसवल्यावर पसंतीच्या तापमानातला फरक अगदी थोडा उरला होता. त्यामुळे 'बायकांना थंडी वाजते' असे सरसकट म्हणण्यापेक्षा कोणी काय घातले आहे आणि कोण कुठे बसले आहे ते आधी पाहावे. तीच बाई घरी गॅससमोर उभी राहिली की तिला उकडते: मोठा बर्नर दोन किलोवॅटच्या आसपास उष्णता देतो, आणि उभ्याने लाटणे-परतणे करताना शरीराची स्वतःची उष्णताही बसल्यापेक्षा दीडपटीच्या पुढे जाते.

काही फरक वैद्यकीय असतात. मासिक पाळीच्या उत्तरार्धात शरीराचे तापमान ०.३ ते ०.५ अंशाने चढते, रजोनिवृत्तीच्या काळात अचानक वाफा येतात, थायरॉइड मंदावले की थंडी सोसत नाही आणि वाढले की गरमी सोसत नाही. रक्त कमी असेल तरी थंडी लवकर वाजते. आपल्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. रक्तदाबासाठी दिलेल्या बीटा-ब्लॉकर गोळ्यांनी हातपाय गार पडतात. ज्याला आजवर कधी थंडी वाजत नव्हती तो अचानक कुडकुडू लागला, तर रिमोटवरून वाद घालण्याआधी हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची चाचणी) तपासून घ्यावे. वृद्धांची अडचण उलटीही असते. त्यांच्यात उष्णता कमी तयार होते, घाम उशिरा येतो, तहानही नीट कळत नाही. मे महिन्यात आजोबा 'मला काही होत नाही' म्हणत बंद खोलीत बसले असतील तर त्यांच्या शब्दावर न जाता खोलीतले तापमान पाहावे.

आता दमटपणा, जो कोकण किनाऱ्यावर सगळ्यांत जास्त छळतो आणि रिमोटवर दिसतच नाही. ताशी १०० ग्रॅम घाम पूर्ण वाळला तर तो अंगातून सुमारे ६७ वॅट उष्णता घेऊन जातो. वाळला तर. मुंबईत जुलैत २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असताना हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते तो) २५ च्या पुढे असतो. घाम वाळत नाही, ओघळतो, आणि चिकचिक होते. नागपूरला मे महिन्यात ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेत वाळ्याचा कूलर चांगला चालला तर २७ अंशांच्या आसपासची हवा देतो. तोच कूलर मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेत लावा, २९ अंशांची ओलीकच्च हवा मिळेल. विदर्भातून मुंबईत आलेला माणूस '३३ अंशांना काय घाबरता' म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी शर्ट बदलत बसतो, त्यामागे हे गणित आहे.

एसी हवा गार करतो तशी वाळवतोही, पण कॉइल पुरेशी गार राहिली आणि कॉम्प्रेसर पुरेसा वेळ चालला तरच. १२० चौरस फुटांच्या खोलीत 'राहू दे थोडा मोठा' म्हणून दीड-दोन टनी एसी बसवला की तो दहा मिनिटांत तापमान गाठतो आणि थांबतो. हवा गार झाली, ओल तशीच. खोली गार पण कोंदट लागते, मग माणूस २४ चे २१ करतो, २१ चे १९. गरज असते ओल काढण्याची आणि आपण तापमान उतरवत जातो. इन्व्हर्टर एसीतही कमी भारावर कॉइल कोमट होते आणि हाच प्रकार होतो, म्हणून पावसाळ्यात ड्राय मोड वापरून पाहावा. चार-पाचशे रुपयांत डिजिटल आर्द्रतामापक मिळतो. तो ६५ च्या वर दाखवत असेल तर आकडा खाली नेण्याआधी खिडकीच्या फटी, बाथरूमचे उघडे दार आणि खोलीत वाळत घातलेले कपडे पाहावेत.

छताचाही इथेच उल्लेख करायला हवा. वरच्या मजल्यावर पाच-सहा इंची आरसीसी स्लॅब दुपारचे ऊन शोषते आणि चार-पाच तासांनी ते खाली सोडते. रात्री नऊला हवा २४ अंश, पण डोक्यावरचे छत ३६ चे. अंगाला दोन्ही मिळून २६-२७ लागतात. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला २४ ला गारठा वाटतो आणि वरच्याला उकडते. दोघेही खरे बोलत असतात. वरच्यासाठी उपाय एसीत नसून गच्चीवर आहे: ब्रिकबॅट कोब्यावर (विटांच्या तुकड्यांच्या थरावर) पांढरे चायना मोझॅक (चिनी मातीच्या फरश्यांचे तुकडे), किंवा निदान मार्चअखेर चुन्याचे दोन हात.

सवयीचा भाग तर फार मोठा. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या पुढाकाराने अहमदाबाद, बंगळुरू, चेन्नई, दिल्ली आणि सिमला इथल्या कचेऱ्यांत हजारो कर्मचाऱ्यांना 'आत्ता कसे वाटते' असे विचारून भारतीयांसाठी एक सूत्र बसवण्यात आले. एसी नसलेल्या, खिडक्या उघडणाऱ्या इमारतीत बाहेरच्या गेल्या काही दिवसांच्या सरासरी तापमानाला ०.५४ ने गुणायचे आणि १२.८३ मिळवायचे, येते ते आतले सुखाचे तापमान. बाहेरची सरासरी ३० असेल तर उत्तर २९ येते. बाहेर २० असेल तर साडेतेवीस. म्हणजे उन्हाळ्यात २९ अंशांत पंख्याखाली निवांत काम करणारे लाखो लोक काही सोसत बसलेले नाहीत, त्यांचे शरीर तिथे रुळलेले आहे. उन्हाळा लागला की आठवडा-दोन आठवड्यांत घाम लवकर आणि भरपूर येऊ लागतो, हृदयावरचा ताण कमी होतो. दिवसभर २० अंशांत बसणाऱ्याचे शरीर ही तयारी करतच नाही. आणि मग त्यालाच बाहेरचे ३४ असह्य होतात. मुंबईकर १८ अंशांना मफलर बांधतो म्हणून हसणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे.

कचेऱ्यांत 'सकाळी काकडतो, दुपारी उकडते' अशी जी तक्रार असते तिचे कारण बहुधा यंत्रणेत असते, माणसांत नसते. सगळ्या खुर्च्या भरलेल्या, दिवे चालू, पश्चिमेच्या काचेवर ऊन, असा कमाल भार धरून यंत्रणा निवडतात. सकाळी साडेनऊला निम्मे लोक आलेले नसतात, ऊन नसते, पण ग्रिलमधून (हवा सोडणाऱ्या छतातल्या जाळीतून) १३ अंशांची किमान ठरलेली हवा येतच राहते. दुसरे नेहमीचे कारण म्हणजे हलवलेली पार्टिशन. मोठ्या हॉलचे तीन भाग झाले, तापमान पाहून गारवा कमी-जास्त करणारा थर्मोस्टॅट एकाच भागात राहिला, तोही कधी झेरॉक्स मशीनच्या मागे. त्या मशीनच्या उष्णतेने थर्मोस्टॅट फसतो, गार हवा सोडतच राहतो आणि उरलेले दोन भाग गोठतात. पार्टिशन बदलले की प्रत्येक ग्रिलची हवा मोजून डॅम्पर (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपा) पुन्हा लावून घेणे हे एका दिवसाचे काम आहे, आणि ते जवळजवळ कोणीच करून घेत नाही. त्याऐवजी ग्रिलवर पुठ्ठा चिकटवला जातो. पुठ्ठा लावला की ती हवा शेजारच्या ग्रिलमधून जोरात येते आणि गारठलेला माणूस फक्त बदलतो. काही इमारतींत भिंतीवर नुसते दिखाऊ थर्मोस्टॅट बसवतात, कशालाच न जोडलेले. तक्रारी त्यानेही कमी होतात म्हणे!

मग करायचे काय? आमचे म्हणणे एवढेच की खोलीची हवा थोडी उबदार ठेवावी, २६ च्या आसपास, आणि गार होण्याचे साधन प्रत्येकाच्या हाताशी द्यावे. ते साधन म्हणजे पंखा. अंगावर सेकंदाला ०.८ मीटर वेगाचा वारा असेल तर अडीच अंशांचा गारवा जाणवतो. हा वेग टेबलावरचे कागद उडायच्या थोडा अलीकडचा आहे. २६ आणि पंखा मिळून २३-२४ सारखे लागते. ज्याला नको त्याने आपला पंखा बंद करावा, इतरांचे काही बिघडत नाही. साधा छतपंखा ७०-७५ वॅट खातो, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा ३० च्या आसपास. आणि एसी एक अंशाने वर ठेवला तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, हा ऊर्जा दक्षता ब्युरोचा ठोकताळा. घामाने निथळत बाहेरून आलेल्याला दहा मिनिटे पंखा फुल्लवर हवा असतो, १८ चे सेटिंग नव्हे. फिक्स्ड-स्पीड (इन्व्हर्टर नसलेला) एसी १८ वर लावला काय किंवा २५ वर लावला काय, गार होण्याचा वेग तोच. फरक इतकाच की १८ वाला थांबत नाही आणि तासाभराने सगळे कुडकुडतात. पंख्यालाही मर्यादा आहे. खोलीच ४० च्या वर तापली असेल तर पंखा अंगावर भट्टीची हवा मारतो, तिथे त्याच्या भरवशावर राहू नये.

शयनगृहातही हेच. झोपताना २६, पंखा दोनवर, एसीची झडप वर, म्हणजे झोत छताला घासून जाईल. पहाटे चार-पाचच्या सुमारास शरीराचे तापमान दिवसातले सर्वांत कमी असते, म्हणून रात्री दहाला बरोबर वाटलेले सेटिंग पहाटे गारठवते. स्लीप मोड दर तासाला थोडे थोडे तापमान वर नेतो तो यासाठीच. दोघांत एक मोठी दुलई घेण्यापेक्षा दोन वेगळी पांघरुणे घ्यावीत, एक जाड, एक सुती चादर. मच्छरदाणीत पंख्याचा वारा बराच अडतो, हेही सेटिंग ठरवताना धरावे.

आणि इथेच आमची तक्रार आहे. सरकारी कचेऱ्या, बँका, सभागृहे, ग्रंथालये यांचे नूतनीकरण निघाले की पहिल्या दिवशी पंखे उतरवले जातात. फॉल्स सिलिंग करायचे, पंखे 'जुनाट' दिसतात. एकदा ते गेले की उरतो फक्त रिमोट, आणि तो ज्याच्या टेबलावर असतो त्याचे हवामान सगळ्यांना. २० ते २८ ची मर्यादा आली तरी ही अडचण सुटत नाही, कारण २० हे पंखा नसतानाही अर्ध्या कर्मचाऱ्यांना गारठवणारेच तापमान आहे. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मध्ये हवामानाशी जुळवून घेणाऱ्या सुखतापमानाचा विचार आहे, २०१९ च्या भारत शीतकरण कृती आराखड्यातही आहे. सार्वजनिक बांधकाम विभागाने आणि महापालिकांनी तो निविदांच्या अटींत उतरवावा. फॉल्स सिलिंगमध्ये पंखा बसवणे अवघड नाही. हूक स्लॅबमधूनच घ्यायचा, पीओपीवर भार द्यायचा नाही; पाती जमिनीपासून किमान आठ फुटांवर आणि सिलिंगपासून फूटभर खाली. दिवे पात्यांच्या फेऱ्याबाहेर ठेवायचे. पॅनेल लाइट पात्यांच्या वर आला की टेबलावर सावल्या लुकलुकतात, लोकांचे डोके दुखते, आणि 'पंख्याचा त्रास होतो' म्हणून तोच पंखा पुन्हा उतरवला जातो. चार-सहा टेबलांमागे एक पंखा आणि प्रत्येकाला वेगळा रेग्युलेटर. एका बटणावर आठ पंखे जोडले तर पुन्हा तोच वाद.

आपले,
वातानुकूलन व इमारत-सेवा क्षेत्रातील काही अभियंते, पुणे